उलटी ती उलटीची

३ ऑगस्ट

बारक्या,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारतात हे मला माहीत आहे. पण सात वर्षांत तू माझा एकही फोन उचललेला नाहीस. तुझी खुशाली मी मावशीकडून ऐकते आणि तेवढी मला पुरते. पत्ताही तिनंच दिला, तोही इतके आढेवेढे घेत, की मी तुझ्याकडे दरोडा घालायला निघालेय असं वाटावं.

कामाचं सांगते. आईचे डोळे चाललेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मधलं गेलंय, कडेचं शिल्लक आहे. म्हणजे समोर माणूस उभा राहिला तर आईला त्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. ऑपरेशन नाही, चष्मा नाही. कडेचंही हळूहळू जाणार. किती दिवसांत, ते विचारलं तर त्यांनाही सांगता येईना.

आता अशा बाईनं घरात बसावं की नाही? पण ऐकेल तर शपथ. दोन दिवस पाऊस पडून ऊन आलं, की हिची टोपली निघालीच. वखारीमागून ओढ्यापर्यंत आणि तिथून पार पडक्या झाडांच्या उतारापर्यंत. अळंबी वेचायला! जिला भाजीतली मिरची दिसत नाही, ती. मी दिवसभर औषधाच्या दुकानात उभी. मालक जेवायला गेले की घरी फोन करते, आणि घंटी नुसती वाजत राहिली की पुन्हा पुन्हा लावत बसते. परवा शेजारच्या शिंपीणकाकूंनी तिला ओढ्याच्या पाण्यात उभी असलेली पाहिली. विचारलं तर म्हणते, "पाणी कुठवर आलंय ते पायानं बघत होते."

मी टोपली माळ्यावर टाकली. ती बादली घेऊन गेली. बादली लपवली, तर माझी नवी पिशवी नेली आणि चिखलानं माखून आणली. तिला कुलपात ठेवू का? तूच सांग.

अळंबी तिनं तुला शिकवली, मला नाही. कोणतं कुठल्या बुंध्याला येतं, कोणत्या महिन्यात येतं, छत्रीखालची झालर कशी बघायची, सगळं तुझ्या डोक्यात आहे. मला रानात कधी नेलंच नाही, फक्त धुवायला दिली जन्मभर. तेव्हा तू ये. आठ दिवस ये. तिच्याबरोबर दोन फेऱ्या मार आणि तिला पटव की आता पुरे. नाहीतर मला तरी शिकव. ती एक दिवस काहीतरी भलतंच तोंडात घालेल आणि मग आपण दोघं कुणाच्या नावानं बोटं मोडणार?

झालं गेलं ते सात वर्षांपूर्वीचं. बाबाही आता नाहीत. तोंड लपवायचं तुला काही कारण नाही.

ताई


२१ ऑगस्ट

बारक्या,

चार ओळी! चार ओळी लिहायला तुला पंधरा दिवस लागले. अकराव्या मजल्यावर शाई पोचत नाही का?

आईला मी पत्र वाचून दाखवलं, "डोळ्यांची काळजी घे" इथपर्यंत. "मी टोपलीला हात लावणार नाही, एका माणसाला मारता मारता राहिलो तेवढं बास" हे वाचलं नाही. तिला सांगितलं, लिफ्ट बसवायचं मोठं काम निघालंय, उरकलं की येईल. मला खोटारडी म्हणशील. म्हण.

तू येत नाहीस म्हटल्यावर रविवारी मीच तिच्याबरोबर गेले. जिला दिसत नाही ती भराभर चालते आणि जिला दिसतं ती शेवाळावरून घसरते, असा आमचा थाट. माझी चप्पल पहिल्याच चढाला तुटली. आईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. एका आडव्या खोडापाशी थांबली, नाक वर केलं आणि म्हणाली, "इथं आहेत." आणि होती! खोडाच्या खालच्या अंगाला, आठ-दहा.

"झालर कुठल्या रंगाची?"

"पांढरी."

"कसली पांढरी? दुधाची, खडूची की दाताची?"

"आई, पांढरी म्हणजे पांढरी."

"मग तू औषधं कशी देतेस गं लोकांना?"

मी म्हटलं, त्यांच्यावर नावं छापलेली असतात. त्यावर तिनं एक उसासा सोडला आणि म्हणाली, "तो एका नजरेत सांगायचा."

तो म्हणजे तू. तिथून पुढे दोन तास मी तुझंच गुणगान ऐकलं. तो सुतारपक्ष्याच्या टकटकीवरून सांगायचा, झाड आतून गेलंय की नाही. त्याच्या पायाखाली काटकी मोडायची नाही. त्याला नेच्यांच्या खाली बसलेला बेडूकसुद्धा दिसायचा. मला एक बेडूक दिसला आणि मी किंचाळले, ते तिनं शिंपीणकाकूंना रंगवून सांगितलं. घरी आल्यावर मला भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लावलं: "खारींची साठवण आठ दिवस लवकर. ओढ्याकाठचा कोवळा पाला संपला." कमरेचे टाके ढिले झालेले आणि मी खारींचे हिशेब लिहितेय.

आणखी एक. ती अजून ते जुनं पाळते. खात्रीचं अळंबं टोपलीत छत्री वर करून ठेवायचं, शंकेचं झालर वर करून, उलटं. "उलटी ती उलटीची" असं म्हणते आणि स्वतःच हसते. घरी आल्यावर त्या उलट्या ठेवलेल्यांवर तिची नजर फिरल्याशिवाय ती पातेल्यात जायची नाहीत. मला हे त्या रविवारी पहिल्यांदा कळलं. कुणी सांगितलं होतं मला कधी? तुम्ही दोघं टोपली ओट्यावर ठेवायचात आणि हातपाय धुवायला निघून जायचात. स्वयंपाकघरात जे माणूस उभं आहे त्यालाही सांगावं, असं तुमच्या डोक्यात कधी आलं नाही.

हे मी सहज लिहितेय. मनाला लावून घेऊ नकोस.

ताई


८ सप्टेंबर

बारक्या,

आधी चार ओळी, आता चार पानं. मधलं काही तुला जमतच नाही.

दुसरं पान मी दुकानात उभ्याउभ्या वाचलं आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांना खोकल्याच्या औषधाऐवजी पोटाचं दिलं. दारातून परत बोलावलं म्हणून निभावलं. मालकांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नकोस.

तू लिहितोस, सहा उलटी ठेवल्याचं तुला स्पष्ट आठवतं. कडेला, पानावर, ओळीनं सहा. पण ताटात एकही उलटं नव्हतं, म्हणजे तुझी आठवणच खोटी. म्हणून तू आता प्रत्येक बोल्ट तीनदा आवळून बघतोस. काम संपवून खाली उतरतोस आणि पुन्हा अकरा मजले चढतोस. बरोबरचे लोक तुला "तीनदा" म्हणून हाक मारतात. लग्नाचं जमत आलेलं तूच मोडलंस, कारण घरात लहान मूल असेल तर तुझ्यासारख्याच्या हाती ते कसं सोपवायचं.

हे सगळं मला कशाला सांगतोस? मी काय करू त्याचं? मी इथं एका आंधळ्या होत चाललेल्या बाईच्या मागे धावतेय, त्यात आणखी तुझं ओझं कुठं ठेवू? पाच ओळी लिहून खोडल्यात, दिसतीलच तुला. वाचायचा प्रयत्न करू नकोस.

इथली बातमी ऐक. मंगळवारी मी दुकानात असताना ती एकटी गेली. मी आले तेव्हा मागच्या दाराच्या पायरीवर बसली होती, मांडीवर टोपली. टोपली गच्च भरलेली. आणि सगळीच्या सगळी उलटी ठेवलेली. एकही छत्री वर नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"मला एकाचीही खात्री नव्हती गं," ती म्हणाली. "एकाचीही नाही."

मी टोपली उचलली आणि कचऱ्यात रिकामी केली. तेव्हा तिनं सांगितलं, दोन-तीन तिनं जिभेला लावून बघितली होती. कडू लागतं का ते. चावून थुंकली म्हणाली, जसं काही त्यानं माझं समाधान होणार होतं. मी किती ओरडले ते शिंपीणकाकूंना विचार, त्यांच्या मशीनवर ऐकू आलं. तुला मरायचंय का, मला तुरुंगात पाठवायचंय का, सगळं बोलून घेतलं. ती रिकामी टोपली चाचपत होती. मग म्हणाली, "फेकायला नको होतीस. तो आला असता तर त्यानं बघितली असती."

आणि रडली. आईला रडताना तू पाहिलंयस का कधी? मी बाबांच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं. मला तिचा इतका राग आला, आणि इतकी दया आली, की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आता ती विचारते, लिफ्टचं काम अजून उरकलं नाही का.

ताई


२६ सप्टेंबर

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. खरं तर मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

तू लिहिलंस, "हे आईला वाचून दाखव." मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. ती शेंगा सोलत होती, तिला ते बोटांनी जमतं. मी वाचायला लागले: "आई, त्या दिवशी मी अळंबी उलटी ठेवायला विसरलो असणार. सात वर्षं मी कबूल केलं नाही. आता करतो. मला माफ कर." पहिल्या वाक्याच्या मध्यावरच मी कागदाची घडी घातली. ती म्हणाली, काय लिहिलंय? मी म्हटलं, हवापाणी. तिकडे पाऊस आहे.

तू काय कबूल करतोस रे? कोणी सांगितलं तुला शहाणपणा करायला? जे केलंच नाही ते कबूल करणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तो नेमका माझाच भाऊ निघाला!

आता ऐक. हे मी एका दमात लिहिणार आहे.

त्या दिवशी मी फरशी पुसली होती. तुम्ही दोघं चिखलाच्या बुटांनी थेट ओट्यापर्यंत आलात. हसत होतात. रानात काहीतरी पाहिलं होतं, ते मला सांगायला लागलात आणि सांगायच्या आधीच पुन्हा हसत सुटलात, आणि मग ते सांगायचं राहूनच गेलं. टोपली ठेवलीत. तू आंघोळीला गेलास, आई दोरीवरचे कपडे काढायला. मी अळंबी एकेक करून धुतली आणि ताटात मांडली. सगळी छत्री वर. दुकानात बाटल्या लावते तशी, नाव पुढे, एका ओळीत. सहा उलटी होती. कडेला, पानावर. तीही मी सुलटी केली.

मला नियम माहीत होता. कुणी सांगितला नाही असं लिहिलं ते खोटं. "उलटी ती उलटीची" हे मी तू जन्मायच्या आधीपासून ऐकतेय. आई मला म्हणायची ते. मलाही रानात नेलं होतं तिनं, दोन वर्षं. मीच चिखलाला कंटाळून जायचं बंद केलं, आणि मग तुला नेते म्हणून तिच्यावर रुसले. त्या क्षणी ओट्यापाशी मला नियम आठवला नाही, एवढं मात्र खरं आहे. राग होता आणि हात चालत होते. आईनं ताट बघितलं, सगळी सुलटी, म्हणजे सगळी खात्रीची. तिनं चिरली, परतली. बाबांना दुपारपाळीला जायचं होतं, म्हणून ते एकटे आधी जेवले.

ती चूक होती. चुकीची मला माफी मागता आली असती. पुढचं ऐक.

हॉस्पिटलच्या बोळात आईनं तुला विचारलं, "शंकेची उलटी ठेवली होतीस ना रे?" तू म्हणालास, "हो, सहा." ती म्हणाली, "अरे, ताटात एकही नव्हतं." मी तुमच्या दोघांच्या मध्ये उभी होते, पाण्याची बाटली घेऊन. मला तेव्हा कळलं. तिथंच, त्याच क्षणी, माझ्या हातांना आठवलं. तू माझ्याकडे बघितलंस. आठवतंय? आणि मी म्हणाले, "आता ते नको, आधी बाबांचं बघू."

अकराव्या दिवशी बाबा घरी आले आणि त्यांनी तुला काय सुनावलं ते मी दाराआडून ऐकलं. वाटलं, त्यांचा राग उतरला की सांगेन. तू बॅग भरलीस. वाटलं, तू पोचलास की फोनवर सांगेन. तू फोन उचलला नाहीस, आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. मग बाबा हृदयविकारानं गेले, तू आलास, फाटकापाशी उभा राहिलास आणि कुणाशी न बोलता परत गेलास. वाटलं, आता सांगून कुणाचं काय भलं होणार? घरात मी होते, आईचं मी करत होते, मालकांपासून शिंपीणकाकूंपर्यंत सगळे म्हणायचे, मुलगी असावी तर अशी. मला ते ऐकायला आवडायचं.

तुझी आठवण खरी आहे. तू सहा ठेवली होतीस. विसरला नव्हतास. बोल्ट एकदाच आवळ, बारक्या.

हे पाकीट टाकायच्या आधी आईला सांगते. नाहीतर पुन्हा माझं काहीतरी निघेल.

२९ सप्टेंबर

सांगितलं. तिनं हातातलं काम थांबवलं आणि विचारलं, "सहाच्या सहा?" मी हो म्हटलं. भिंतीला हात लावत ती आपल्या खोलीत गेली. तीन दिवस झाले, "मीठ दे" आणि "दार लाव" याशिवाय माझ्याशी एक शब्द नाही. माफ कर असं तुला दोनदा लिहिलं आणि खोडलं. आता खोडत नाही. माफ कर.

ताई


१८ ऑक्टोबर

बारक्या,

रविवारी फोन मीच उचलला. सात वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तू म्हणालास, "आईला दे." दिला. एक तास दहा मिनिटं चाललं तुमचं. मी ओट्यापाशी उगाचच एकच पातेलं घासत होते. मला फक्त तिची बाजू ऐकू येत होती: "खोडाच्या खालच्या अंगाला रे... नाही, ते झाड पडलं... वास तसाच, पण आता बोटांनी बघते..." मध्ये तर ती हसलीसुद्धा. मग बराच वेळ तूच बोलत होतास आणि काय ते मला कळायचं कारण नव्हतं.

फोन ठेवल्यावर तिनं मला बोलावलं. भिंतीकडे बघत म्हणाली, "शनिवारी सकाळी येतोय. दिवसभर आम्ही रानात जाऊ. तू घरी नसावंस असं त्याला वाटतं. मलाही तसंच बरं वाटेल."

मी म्हटलं, बरं.

तेव्हा आता ज्याच्यासाठी मी ऑगस्टपासून तुला छळतेय ते होतंय आणि मी तिथं नसणार. चालेल. कामाचं लिहून ठेवते, कारण तिला विचारशील तर ती काहीच सांगणार नाही. डोळ्यांचे थेंब अकराला आणि तीनला. बाटली खिशात टाक, ती मुद्दाम विसरते. तिचा हात धरू नकोस, झटकते. कोपर पुढे कर आणि चालत राहा, मग आपणच धरते. तिच्याशी बोलताना समोर उभा राहू नकोस, थोडा बाजूला राहा, म्हणजे तुझा चेहरा तिला दिसेल. उतारावर दोन झाडं नवीन पडलीत, तिथं पाय जपून. जिभेला काही लावू देऊ नकोस. आणि तिला सांग, आता एकटीनं जायचं नाही. मी सांगितलं तर तिनं ऐकायचं आता काही कारण उरलेलं नाही. तुझं ऐकेल.

टोपली मी पुन्हा माळ्यावर टाकली होती, ती काढून ठेवलीय. तुझे जुने बूटही सापडले, पण त्यांचे तळ गेलेत, तेव्हा स्वतःचे आण.

मी सकाळी लवकरच मावशीकडे जाईन आणि संध्याकाळी सातला परत येईन. तुझ्याकडे परत जायला सहालाही बस आहे आणि आठलाही.

ताई